आधी रेघ, मग अक्षर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि सगळ्यात आधी आठवली ती माझ्या डाव्या कानाची पाळी. गुजरातीचे सर ती धरायचे. गुन्हा एकच, गुजराती अक्षरांच्या डोक्यावर मी रेघ ओढायचो. "अल्या, पाछी लीटी?" एवढंच म्हणायचे आणि पिळायचे. घरी मराठी, वर्गात मराठी, बडोद्याच्या दांडिया बाजारात दुकानांच्या पाट्या गुजराती. पण हाताला सवय रेघेची, त्याला कोण काय करणार? बरं, सरांच्या धाकानं मराठीच्या वहीतली रेघ सुटली, की बाई विचारायच्या, "अक्षरांच्या टोप्या कुठे उडाल्या?"

इंग्रजीच्या तासाला वेगळीच तऱ्हा. चार रेघी वही, टाक, दौत आणि रनिंग हँड. शब्द पुरा होईपर्यंत हात उचलायचा नाही. आयचं टिंब नि टीची आडवी रेघ मागाहून. स्मॉल एफ माडीवर चढायचा आणि तळघरातही उतरायचा, त्यात शाईचा डाग ठरलेला. सयाजीराव महाराज १८७५ साली कवळाण्याहून आले तेव्हा बारा वर्षांचे होते, अक्षरओळख नव्हती, तरी मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषा शिकले, हे सर आम्हाला ऐकवायचे. पाळी हातात असतानाच.

एकदा तो रनिंग हँडचा कित्ता आजोबांना दाखवला. आजोबा संस्थानात कारकून होते. चष्मा वर करून म्हणाले, "ही तर इंग्रजांची मोडी!" मग बोरू काढला, कोऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ मारली आणि तिच्याखाली बोरू जवळजवळ न उचलता अख्खी ओळ लिहून टाकली. "आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे," म्हणाले. मला ते गिचमिड वाटलं. खेळायला पळालो. नववीत असताना आजोबा गेले.

निवृत्तीनंतर वाड्यातला माळा आवरताना लाल कापडात बांधलेला रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचं गाठोडं, सापडला. घरात लगेच जमिनीच्या कागदांची कुजबुज सुरू झाली. मी मोडीच्या वर्गाला नाव घातलं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, हे तिथं कळलं. शाळेत असताना कळतं, तर शुद्धलेखनाच्या गुणांवरून बाईंशी भांडलो असतो. शब्द तोडूनही लिहीत नाहीत. त्यामुळे रुमालातल्या १९४६ सालच्या वहीतली एक ओळ मी घरच्यांसमोर मोठ्यानं वाचली, "तीनशे..." आणि अडलो. पुढे 'रतूप' असं काहीतरी होतं. तीनशे काय? मोहरा? दोन दिवस सगळे हवेत. तिसऱ्या दिवशी आंघोळ करताना उजेड पडला: तीन शेर तूप.

जमिनीचा एक कागद निघाला नाही. सगळा घरखर्च. दूध, तूप, न्हाव्याचे पैसे, आजीच्या काढ्याची औषधं. अडीच रुपये म्हणजे दोनच्या पुढे दोन उभ्या रेघा, पावलीला एक रेघ. आजोबांचं अक्षर कचेरीतलं, घोटीव. पण आजीच्या औषधांपाशी तेही घाईचं झालंय, रेघ सोडून खाली घसरलंय. हे मला मोडी न शिकताही दिसलं असतं, वही उघडली असती तर.

एका पानावर मी अजून थांबतो. रेघ पूर्ण ओढलेली आहे, नेहमीसारखी, समासापासून कडेपर्यंत. तिच्याखाली डावीकडे तीन अक्षरं, 'आजचे'. पुढे नुसती दोरी. कुणी हाक मारली असेल, पानं वाढली असतील. पुढल्या पानावर दुसऱ्या दिवसाचं दूध आहे, दोन शेर.