चप्पल लाईनमध्ये आता रील चालते

आज संध्याकाळी कोल्हापुरातल्या चप्पल लाईनला, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, गेलो होतो. ओळखीच्या दुकानात काकांचा मुलगा कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार) चप्पल कॅमेऱ्यासमोर वाकवून तिचा करकर आवाज ऐकवत होता. काका गिऱ्हाईक बघत होते, पोरगा कमेंटमधले साईज लिहून घेत होता.

आपल्याकडं २०२० ला टिकटॉक बंद झालं, पण त्या ॲपनं २०२३ मध्ये अमेरिकेत थेट दुकानच उघडलं. व्हिडिओ बघता बघता तिथंच खरेदी. इथं यूट्यूबनं २०२४ मध्ये फ्लिपकार्ट आणि मिंत्राला सोबत घेऊन तेच केलं: व्हिडिओत वस्तूची लिंक, विकली गेली की दाखवणाऱ्याला कमिशन.

मला हे मनापासून आवडतं. सुभाषनगरातल्या कारागिराला आता दिल्लीचं गिऱ्हाईक मधल्या माणसाशिवाय मिळू शकतं.

पण काळजीही तेवढीच वाटते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं हातात घेतल्यावर कळतं. तीस सेकंदांच्या व्हिडिओत रेक्झिनही तसंच चमकतं, आणि तेही 'कोल्हापुरी' म्हणूनच खपतं. २०१९ मध्ये आपल्या चपलेला जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची ओळख जपणारं भौगोलिक मानांकन, मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. बटण दाबणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

म्हणून मंडळी, रील बघून घ्या, बिनधास्त घ्या. फक्त आधी कमेंटमध्ये विचारा: कातडं कुठलं, शिवली कुणी? काकांच्या पोराला म्हटलं, पुढचा व्हिडिओ शिवणाऱ्या हातांचा कर. लगेच तयार झाला. आला की इथं शेअर करतो.