आधी उशी बघा: मुलांच्या मेंदूच्या ऑपरेशननंतरचा जंतुसंसर्ग

लहान मुलांत मेंदूची गाठ बऱ्याचदा डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत निघते. ऑपरेशननंतर टाके मानेच्या वर येतात आणि घरचे सगळे तिथे पू आहे का ते बघत बसतात. बघायचं असतं पाणी. मेंदूभोवतीचं पाणी टाक्यांतून झिरपलं की अभ्रा ओला होतो. पुण्यात जुलैच्या दमट हवेत तो घाम म्हणून सहज सोडून दिला जातो. शंका आली तर जखमेवर स्वच्छ कोरडं गॉज ठेवा आणि तासाभरानं बघा. पुन्हा ओलं झालं तर त्याच दिवशी सर्जनकडे. पाणी ज्या वाटेनं बाहेर येतं, त्याच वाटेनं जंतू आत जाऊ शकतात आणि मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग, होऊ शकतो.

ताप न येणं ही खात्री नव्हे. सूज उतरावी म्हणून दिलेलं डेक्सामेथासोन ताप दाबून ठेवतं. त्यामुळे १००.४ फॅरनहाइट भरला की फोन करायचाच, आणि ताप नसला तरी उलट्या, वाढती गुंगी, मान ताठ होणं यांपैकी काही दिसलं तरी करायचा. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजून वेळेसह लिहून ठेवा. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच सुरू करू नका. मग पाठीतून काढलेल्या पाण्याच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत) जंतू बऱ्याचदा वाढतच नाहीत आणि औषध अंदाजानं निवडावं लागतं. ऑपरेशनच्या वेळी सांडलेल्या रक्तामुळेही जंतूंशिवाय अगदी तशीच लक्षणं येतात, म्हणून तो रिपोर्ट मोलाचा.

शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात सोडणारी नळी) बसवला असेल तर पहिले काही महिने जास्त धोक्याचे. जंतू बहुधा त्वचेवरचेच, स्टॅफिलोकोकस. नळीचं दुसरं टोक पोटात असल्यानं पोटदुखीनंही सुरुवात होऊ शकते. अशा वेळी बहुतेकदा शंट काढून, पाणी काही दिवस बाहेरच्या पिशवीत सोडून, मग नवा बसवावा लागतो.

टाक्यांवर हळद, अंगारा, खोबरेल तेल काहीही नको. आजीला हे घरी पोचायच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं. सोलापूर-साताऱ्याहून आलेल्यांनी जमल्यास टाके निघेपर्यंत पुण्यातच राहावं. गाठ मेड्युलोब्लास्टोमा (लहान मेंदूतला कॅन्सर) असेल तर रेडिएशन ऑपरेशननंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत सुरू व्हायला हवं आणि संसर्ग झाला तर ती तारीखच पुढे जाते.