तुम्ही विचारलंत म्हणून: फॉर्म्युला वनचे नियम सारखे का बदलतात?

"मॅडम, दर दोन-चार वर्षांनी नियमच बदलतात, मग तुम्ही हा खेळ इतका मनावर का घेता?" अभियांत्रिकीच्या वर्गात हा प्रश्न येतो, लग्नाच्या पंगतीतही येतो. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा असं सुचवायचं असतं की जिंकणाऱ्याला अडवायला आणि टीव्हीवाल्यांना खूश करायला हे सगळं चालतं. काही वेळा ते खरंही असतं. पण उत्तर त्याहून मोठं आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मोटारशर्यतींच्या या खेळात गाडी दरवर्षी नवी घडते. शेकडो हुशार माणसं वर्षभर नियमपुस्तिका उलटीपालटी करून वाचत असतात. १९७८ मध्ये ब्रॅबम संघाने गाडीच्या मागे मोठा पंखा लावला. इंजिन थंड ठेवायला आहे, असं सांगितलं. प्रत्यक्षात तो गाडीखालची हवा ओढून गाडी रस्त्याला चिकटवत होता. निकी लाउडाने स्वीडनची शर्यत त्या गाडीत जिंकली आणि ती पुन्हा कधी उतरली नाही. २००९ मध्ये ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या संघांनी डिफ्यूझरच्या (गाडीच्या मागे तळाशी असलेला, खालची हवा वेगाने बाहेर काढून गाडी रस्त्याला चिकटवणारा भाग) नियमात फट शोधली, आणि ब्रॉनच्या जेन्सन बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या. २०२० मध्ये मर्सिडीजचा ड्रायव्हर स्टीअरिंग पुढे-मागे सरकवून पुढच्या चाकांचा कोन बदलत होता. पुढच्या वर्षासाठी ते बंद झालं. नियम गोठवून ठेवले, तर ज्याला पहिली पळवाट सापडेल तोच वर्षानुवर्षं पुढे राहील. त्यामुळे नियम बदलतात याबद्दल माझी तक्रार नाही. मी दोनच गोष्टी बघते: हा इलाज नेमक्या कोणत्या दुखण्यावर आहे, आणि तो कधी लागू केला.

२००५ चं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात दोन्ही गोष्टी दिसतात. आदल्या वर्षी फेरारीच्या मायकल शूमाकरने १८ पैकी १३ शर्यती जिंकल्या होत्या. २००५ साठी नियम आला की पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत टायरच्या एकाच संचावर काढायची. टायर पंक्चर झाला किंवा उघडउघड धोकादायक झाला तरच बदलायचा. वेग कमी व्हावा, खर्च वाचावा, हा हेतू. त्या मे महिन्यात नुरबुर्गरिंगला किमी रायकोनेन आघाडीवर होता. त्याचा पुढचा उजवा टायर ब्रेक लावताना घासून एका जागी सपाट झाला होता. टीव्हीवर ते चाक इतकं थरथरत होतं की बघणाऱ्याचेच दात वाजावेत. पिटमध्ये (ट्रॅकशेजारी संघ टायर बदलतात, दुरुस्ती करतात ती जागा) यावं तर शर्यत हातची जाणार, न यावं तर जिवावर बेतणार. संघाने त्याला ट्रॅकवरच ठेवलं. शेवटच्या लॅपच्या (ट्रॅकच्या फेरीच्या) पहिल्याच वळणावर सस्पेन्शन मोडलं, गाडी भेलकांडत बाहेर गेली आणि अलोन्सो जिंकला. वेग कमी करायला आणलेल्या नियमाने ड्रायव्हरला भर वेगात मोडक्या गाडीत बसवून ठेवलं होतं.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेतलं इंडियानापोलिस. तिथलं शेवटचं वळण ओव्हल ट्रॅकचं, एका बाजूला उंच कललेलं. तिथे टायरवर पडणारा भार दुसऱ्या कुठल्याच ट्रॅकवर पडत नव्हता. शुक्रवारी राल्फ शूमाकरचा मागचा डावा टायर फुटला आणि गाडी भिंतीवर आदळली. त्याच्यासह बहुतेक संघांना टायर पुरवणाऱ्या मिशेलिनने सांगून टाकलं की पूर्ण वेगात आमचे टायर दहा लॅपच्या पुढे टिकतील याची खात्री नाही. वेगळे टायर लावावेत तर नियम आडवा. मग वळणाच्या आधी शिकेन (वेग तोडणारं नागमोडी वळण) टाका, गाड्यांचा वेग आपोआप कमी होईल, अशी मागणी झाली. एफआयएने, म्हणजे खेळाचे नियम सांभाळणाऱ्या संस्थेने, नकार दिला. रविवारी २० गाड्या शर्यतीआधीच्या फॉर्मेशन लॅपला निघाल्या आणि त्यातल्या मिशेलिनच्या १४ गाड्या एकामागून एक पिटमध्ये वळल्या. ब्रिजस्टोनचे टायर असलेल्या उरलेल्या सहा गाड्यांची शर्यत झाली. प्रेक्षकांनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या. त्यांचा राग रास्तच होता, तिकिटाचे पैसे सहा गाड्यांसाठी कोण मोजतं? मायकल शूमाकर जिंकला, आणि गंमत म्हणजे फेरारीचा त्या वर्षातला तो एकमेव विजय ठरला. चौथा आला आपला नारायण कार्तिकेयन, जॉर्डनच्या गाडीत. भारतीय ड्रायव्हरचे फॉर्म्युला वनमधले पहिले गुण ते, पाच गुण. तो दिवस लाजिरवाणा होता म्हणून त्या पाच गुणांची किंमत कमी होते, असं मी मानत नाही. तो शेवटपर्यंत गाडी चालवत होता आणि त्याच्या टायरवाल्याने त्या ट्रॅकचा अंदाज बरोबर बांधला होता.

इथे माझं मत अनेकांना पटत नाही. शिकेन टाकली नाही ते बरोबरच झालं. ज्या नव्या रचनेवरून एकही गाडी कधी धावलेली नाही, तिथे रात्रीतून अडथळे रचून २० गाड्या सोडायच्या? आणि ज्यांनी योग्य टायर आणले त्यांनी काय पाप केलं? चुकीचा होता तो टायरचा नियम. तो बदलण्याची जागा हिवाळ्यातली बैठक, आणि तिथेच तो बदलला. २००६ मध्ये टायर बदलण्याची मुभा परत आली.

अबू धाबी २०२१ च्या वेळी मी चिडले ती याच कारणाने. सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी) मागे आठ गाड्या एक लॅप मागे होत्या. आघाडीवरचा हॅमिल्टन आणि त्याच्या मागचा मॅक्स वर्स्टॅपन, हे अजिंक्यपदाचे दोन दावेदार, त्यांच्यामधल्या पाचच गाड्यांना पुढे जाऊ दिलं आणि त्याच लॅपला सेफ्टी कार आत बोलावली. शेवटच्या लॅपला अजिंक्यपद फिरलं. वर्स्टॅपनला त्याबद्दल दोष देत नाही, त्याने समोर आलेली संधी घेतली. पण नियम पुस्तकात एक आणि ट्रॅकवर दुसरा, हे नियम बदलण्यापेक्षा कितीतरी वाईट.

केवळ करमणुकीसाठी आणलेले नियम फार जगत नाहीत. २०१४ मध्ये अबू धाबीच्या, म्हणजे हंगामातल्या शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण ठेवले होते. म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. २०१६ मध्ये पात्रता फेरीत ठरावीक सेकंदांनी एकेकाला बाद करण्याची पद्धत दोन शर्यतींत गुंडाळावी लागली.

हेलोची गोष्ट याच्या अगदी उलट. २०१८ मध्ये ड्रायव्हरच्या डोक्याभोवती ही टायटॅनियमची कमान आली तेव्हा केवढा विरोध झाला! गाडी विद्रूप दिसते, खेळाचा आत्मा गेला, वगैरे. विरोध करणाऱ्यांत रोमाँ ग्रोजाँही होता. एक आक्षेप मात्र खरा तांत्रिक होता: आग लागली तर कमानीतून बाहेर पडायला वेळ लागेल. तो मला लगेच कळला, कारण आमची मुलं स्पर्धेसाठी छोटी फॉर्म्युला गाडी बनवतात आणि तिथे ड्रायव्हरने पाच सेकंदांत बाहेर यावं लागतं. पट्टे सोडायचे, स्टीअरिंग उपसायचं, दोन्ही पाय जमिनीवर. आमच्या एका उंच मुलाचा गुडघा दर वेळी स्टीअरिंगच्या ब्रॅकेटला अडायचा. मुलांनी अख्खं ब्रॅकेट कापून वर सरकवलं, तेव्हा तो वेळेत बाहेर आला. फॉर्म्युला वनमध्ये हेलोबरोबर ही मर्यादा पाचवरून सात सेकंद केली गेली. म्हणजे आक्षेप ऐकला गेला, तोलला गेला. नोव्हेंबर २०२० मध्ये बहरीनला ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली, तिचे दोन तुकडे झाले आणि पेट घेतला. डोक्याच्या उंचीवरचं लोखंड हेलोने अडवलं. सुमारे २८ सेकंदांनी तो ज्वाळांतून स्वतः बाहेर आला. आपण आधी हेलोच्या विरोधात होतो, हे त्याने इस्पितळातून मोकळेपणाने सांगितलं.

आता २०२६ बद्दल विचारता. गाडीत इंजिनच्या जोडीला असलेल्या विजेच्या मोटरची ताकद १२० किलोवॅटवरून ३५० वर गेली, बॅटरीचा साठा मात्र जवळपास तेवढाच. लांब सरळ रस्त्यावर वीज संपते आणि ड्रायव्हरला ती राखून चालवावं लागतं. हा बदल का केला ते स्पष्ट आहे: नवे उत्पादक यावेत. ऑडी आली, जाते म्हणालेली होंडा थांबली. हेतू मला मान्य आहे. पण मोन्झासारख्या ट्रॅकवर ड्रायव्हरने पाय काढून वीज साठवायची, हे मला रुचत नाही. आकडे बदलून ते सुधारता येईल आणि सुधारावं. फक्त सर्वांना आधी कळवून, चालू शर्यतीच्या आठवड्यात नाही.

आणि शर्यतीत इंधन भरणं परत आणा, असं जे म्हणतात त्यांना माझा ठाम नकार आहे. १९९४ मध्ये होकेनहाइमला योस वर्स्टॅपनच्या (मॅक्सच्या वडिलांच्या) गाडीवर इंधन सांडून पिटमध्ये भडका उडाला होता. २००८ मध्ये सिंगापूरला फेरारीचा ड्रायव्हर फेलिपे मासा इंधनाच्या नळीसकट निघाला आणि पुढे अजिंक्यपद एका गुणाने हुकला. २०१० पासून ते बंद आहे. त्याच्याऐवजी ट्रॅकवर गाडीने गाडीला मागे टाकावं यासाठी काय करता येईल ते सांगा, मी आनंदाने ऐकेन.