बाईंचा र्र

गेल्या रविवारी बाईंचा मुलगा एक कापडी पिशवी घेऊन घरी आला. आत बाईंचा लाल घडीचा पंखा आणि वर्गाची हजेरीवही. "आईनं सांगून ठेवलं होतं, हे तुला द्यायचं," एवढंच बोलला आणि चहाही न घेता गेला. बाईंना जाऊन दीड महिना झाला. तो पंखा उघडायचा धीर मला अजून झालेला नाही.

२०१० साली डिप्लोमा संपवून मी सांगलीत नोकरी शोधत होतो. गाव तासगाव तालुक्यातलं, दहावीपर्यंत सगळं मराठीत, आणि इंग्रजीची धास्ती अशी की मुलाखतीत स्वतःचं नाव सांगतानाही घशाला कोरड पडायची. माधवनगर रस्त्यावर खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीला पाटी होती: 'स्पॅनिश शिका. मराठीतून.' त्या शेवटच्या शब्दासाठी मी जिना चढलो.

बाई दारातच उभ्या होत्या. हिरवीगार इरकल, रुपयाएवढं कुंकू, आणि खांद्यावरून गुडघ्यापर्यंत झालर लोंबणारी, फुलांनी भरलेली लाल रेशमी शाल. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या सहा वर्षं माद्रिदला होत्या, तिथली ती. स्पेनमध्ये तिला 'मांतोन दे मानिला' म्हणतात. विणलेली चीनमध्ये, गलबतात चढली मनिलाला, मिरवली स्पेनमध्ये. "चीनची लेक, मनिलाला मुक्काम, स्पेनची सून!" असं म्हणून बाई एक गिरकी घ्यायच्या. ऐन मे महिन्यात त्याच शालीत मारुती चौकात भाजी घ्यायच्या. लोक वळून बघायचे. बाईंना ते आवडायचं, आणि मला त्यांच्यामागून पिशवी धरून चालताना अभिमान वाटायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: मला आंबा आवडतो. "आवडतो कोण? मी की आंबा?" कुणी बोलेना. "आंबा रे! एकाचे दोन झाले की आवडतो-चं आवडतात होतं. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, तुझ्या नाही." मग खाली लिहिलं: मे गुस्ता एल मांगो. मे गुस्तान लोस मांगोस. मे म्हणजे मला. शेजारची कॉन्व्हेंटमधली मुलगी इंग्रजीवरून अंदाज बांधून 'यो गुस्तो' लिहीत होती. माझं पहिल्या फटक्यात बरोबर आलं. बाईंनी पंखा टेबलावर आपटला आणि ओरडल्या, "एसो एस!" म्हणजे अस्संच! माझ्या मराठीमुळे मी कुठे तरी पुढे आहे, हे त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा घडलं. घरी जाताना सायकलवर मी मोठमोठ्यानं सगळी फळं आवडून घेतली.

मग हा खजिना उघडतच गेला. 'मे दुएले ला काबेसा', माझं डोकं दुखतंय. कर्ता गाळून नुसतं 'जातो' म्हटलं की चालतं, तसंच तिकडे नुसतं 'बोय'. तू आणि तुम्ही आहेतच. पगार हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांनी आणला, स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे देणं. दर एक तारखेला फी मागताना बाई हाच शब्द वापरायच्या.

बाई कॉलेजात नाटकवाल्या. ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तिथं व्याकरणसुद्धा उभं राहून शिकवायचं, असा त्यांचा आग्रह. स्पॅनिश प्रश्नाच्या आधी उलटं प्रश्नचिन्ह येतं. १७५४ साली स्पेनच्या भाषा अकादमीनं तो नियम केला. बाई म्हणायच्या, "ही तिसरी घंटा! वाक्याचा पडदा उघडायच्या आधीच प्रेक्षकाला कळलं पाहिजे की आत प्रश्न आहे." आणि त्या खरोखर तीनदा टेबल वाजवून मग प्रश्न विचारायच्या. मी आज भाषांतरं करून पोट भरतो. प्रत्येक उलटं चिन्ह टाइप करताना ती घंटा ऐकू येते.

माझं घोडं अडलं ते र्र वर. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. माझी जीभ एकदा आपटायची आणि थांबायची. बाईंनी तिकडच्या पोरांचा जिभेचा व्यायाम दिला: रापिदो कोर्रेन लोस कार्रोस, कार्गादोस दे असूकार, देल फेर्रोकार्रिल. साखरेनं भरलेल्या रेल्वेच्या गाड्या भरधाव धावतात. खिडकीखालून तेव्हा कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असायच्या. असूकार आपल्याच शर्करेतून निघाला, फारसी-अरबीतून फिरत स्पेनला पोचला. अरबांनी तिकडे ऊस नेला आणि १४९३ च्या सफरीत कोलंबसानं तो पुढे अमेरिकेला. बाई खिडकीतून हात बाहेर काढून सांगायच्या, "तो बघ शब्द चाललाय, दोन ट्रॉल्या भरून."

दोन महिने मी झगडलो. एका संध्याकाळी बाईंनी विचारलं, "आजोबा बैल कसे हाकायचे रे?" मी म्हणालो, हर्रर्र. बाई खुर्चीतून उठल्याच.

२०१९ च्या पुरात गावभागातल्या त्यांच्या घरात पाणी शिरलं. शब्दकोश फुगून उशीएवढा झाला. मी गेलो तेव्हा बाई गच्चीवर पानं सुटी करून वाळत घालत होत्या. शाल वाचली नाही. तिच्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

हजेरीवही पिशवीतल्या कोरड्या कापडात गुंडाळलेली. माळ्यावर होती म्हणून वाचली असावी. प्रत्येक पोराच्या नावापुढे एक तारीख आणि शेजारी बारीक अक्षरात काहीतरी. आधी कळेना, फीची असेल असं वाटलं. काहींच्या नावापुढे जागा तशीच कोरी. माझं नाव तिसऱ्या पानावर आहे. त्याच्यापुढे हिरव्या शाईत: '१९ जानेवारी २०११. र्र आला. ट्रॉली जाताना.'