तुम्ही विचारलंत म्हणून: महिलांच्या राखीव जागेबद्दल

"ताई, महिलांच्या राखीव वॉर्डात तृतीयपंथी उमेदवार उभी राहिली तर एका बाईची जागा गेलीच ना?"

ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. भर वर्गात कुणी विचारत नाही. जेवणानंतर हात धुताना किंवा चहाच्या वेळी दोघी-तिघी जवळ येतात आणि आवाज खाली आणून विचारतात. अलीकडे एखादीच्या मोबाइलवर विलायतेतल्या निकालाचा व्हिडिओही असतो. "बघा, तिकडे तर कोर्टानंच सांगितलं." म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर आहे, जागा गेली नाही. हा प्रश्न विचारणारी बाई मागासलेली किंवा दुष्ट आहे असं मात्र मी मानत नाही. तिला ही जागा कुणी बक्षीस म्हणून दिलेली नाही. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना निम्म्या जागा मिळाल्या त्या २०११ मध्ये, आणि त्यामागे कित्येक वर्षांची चळवळ होती. एवढ्या कष्टानं मिळालेली गोष्ट निसटेल अशी धास्ती वाटणं साहजिक आहे.

आपल्याकडे हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला तो जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुक गावात. जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी अंजली पाटील यांनी सर्वसाधारण महिला जागेवर अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. अर्जदार तृतीयपंथी आहेत आणि तृतीयपंथीयांसाठी आरक्षण नाही, असं कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी दिलं. अंजली यांनी 'इतर' म्हणून जागा मागितलीच नव्हती, स्त्री म्हणून मागितली होती. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं. २ जानेवारीला न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना महिला प्रवर्गातून लढायची परवानगी दिली. निकालात एक अट नोंदवली आहे आणि व्हिडिओवाले नेमकी तीच सांगत नाहीत. यापुढे आयुष्यभर त्या स्त्री म्हणूनच राहतील आणि पुढे कधी आरक्षणाच्या मोहानं पुरुष प्रवर्गाकडे वळणार नाहीत. निवडणूक झाली आणि गावानं त्यांना निवडून दिलं.

त्या मतदानाचं मला फार मोल वाटतं. न्यायालयानं फक्त उभं राहायची मुभा दिली होती, मतं भादलीच्या बाया-माणसांनी दिली. ज्यांच्या दारावरून ती बाई रोज जाते, त्यांनी दिली. चार वर्षं आधी, २०१७ मध्ये, माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळनं ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केलं होतं. 'हे शहरातलं खूळ आहे, खेड्यात चालायचं नाही' असं टीव्हीवरच्या चर्चेत छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ही दोन गावं बघावीत.

आता तो विलायतेचा निकाल. तो खरा आहे आणि गंभीरपणे वाचण्यासारखा आहे. वादही थेट आपल्यासारखाच होता. स्कॉटलंडनं २०१८ मध्ये कायदा केला की सार्वजनिक मंडळांवर निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि लिंगबदलाचं प्रमाणपत्र असलेल्या पारलिंगी स्त्रियाही (जन्मानं पुरुष नोंदलेल्या, पण स्त्री म्हणून जगणाऱ्या) त्यात धराव्यात असं सरकारचं म्हणणं होतं. एका स्त्री संघटनेनं त्याला आव्हान दिलं. १६ एप्रिल २०२५ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की त्यांच्या २०१० च्या समानता कायद्यात 'स्त्री' म्हणजे जन्मानं स्त्री. निकाल वाचून दाखवताना लॉर्ड हॉज यांनी हेही बजावलं की हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नये, आणि पारलिंगी माणसांना भेदभावापासून असलेलं कायद्याचं संरक्षण कायम आहे. फॉरवर्ड होणाऱ्या व्हिडिओत हा भाग सहसा कापलेला असतो.

स्कॉटलंडच्या त्या बायकांना मी शत्रू मानत नाही. पण तिथे एका कायद्यातल्या शब्दाचा अर्थ लावायचा होता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी केलेल्या याचिकेवरचा निकाल) थेट संविधानाची कलमं वाचली आणि आपलं लिंग आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी बाजू मांडायला उभ्या होत्या. त्यानंतर तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणाचा २०१९ चा कायदा आला. त्यानं आपलं लिंग आपण ठरवण्याच्या हक्काचा उल्लेख केला, पण जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्याची पायरीही मध्ये आणली. म्हणजे तिकडचा निकाल इकडे चिकटवता येत नाही, आणि इकडचा तिकडेही नाही.

"पण उद्या कुणीही पुरुष साडी नेसून अर्ज भरेल की!" हा पुढचा प्रश्न. इथे मला माझ्या प्रशिक्षणातलं रोजचं दृश्य सांगावंसं वाटतं, कारण जागा कशी जाते ते मी जवळून बघते.

सकाळी हजेरीपट टेबलावर ठेवलेला असतो. महिला सदस्य आत येतात आणि त्यांच्या मागोमाग नवरे, दीर, कधी मुलगा. हजेरीवर सही करायला हात पुढे येतो तो नवऱ्याचा. सरपंचाचा शिक्का त्याच्या शर्टाच्या खिशात असतो, खिशाला जांभळी शाई लागलेली असते. "मॅडमना काय विचारायचं ते मला विचारा," असं तो मलाच सांगतो. मी पेन त्याच्या हातातून काढून घेते आणि पट तिच्यासमोर सरकवते. ती पूर्ण नाव लिहिते, सावकाश, रकाना पुरत नाही म्हणून शेवटचं अक्षर रेघेखाली उतरतं. तोवर तो दारात उभाच असतो.

राखीव जागेवर डोळा असलेल्या पुरुषाला साडी नेसावी लागत नाही, गावभर टोमणे सोसावे लागत नाहीत की कोर्टात जन्मभराची हमी द्यावी लागत नाही. तो बायकोचा अर्ज भरतो. आपल्या जागा अशा गेल्या आहेत, आजही जात आहेत, आणि त्यावर हात धुताना कुणी दबक्या आवाजात प्रश्न विचारत नाही. मला राग येतो तो याचा.

आकडाही पाहा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' म्हणून नोंदलेली माणसं होती ४०,८९१, शहरं धरून. ग्रामपंचायती सुमारे २८ हजार. नोंद कमी झाली असेल असं धरलं तरी एका गावाच्या वाट्याला किती येतात? त्यातल्या निवडणूक लढवण्याइतकं बळ किती जणींकडे असेल? ज्यांना घरातून काढलं जातं, भाड्यानं खोली मिळत नाही, त्यातली एखादी गटार आणि नळ योजनेवर बोलायला पुढे आली, तर तिच्यामुळे बायकांचं राजकारण बुडेल हे मला पटत नाही.

काही मैत्रिणी म्हणतात, त्यांना वेगळं आरक्षण द्या म्हणजे वादच नको. नोकरी-शिक्षणात मला ते मान्य आहे. नालसा निकालानं तशीच दिशा दाखवली होती आणि कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिलंही. आपल्याकडे पोलीस भरतीच्या अर्जात तिसरा पर्याय यावा म्हणून २०२२ च्या डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाला सरकारला खडसवावं लागलं, नियम करा नाहीतर भरती थांबवू, इथपर्यंत. पण सात ते सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीत वेगळी जागा कशी काढणार? तिथे अंजली पाटील यांना मिळाला तोच मार्ग उरतो. पारलिंगी स्त्रियांनी बायकांच्या स्पर्धांत खेळावं का, या खेळाच्या मैदानावरच्या प्रश्नाचं उत्तर मी यावरून काढणार नाही. तिथे शरीराच्या ताकदीचा प्रश्न आहे, तो वेगळा तपासावा लागतो. सगळे प्रश्न एकाच पोत्यात भरले की भांडण तेवढं वाढतं.

माझ्या जवळची एक कार्यकर्ती अजूनही माझ्याशी सहमत नाही. तिचं म्हणणं, मुलगी म्हणून वाढताना जे सोसावं लागतं त्याची भरपाई म्हणून हे आरक्षण आहे, आणि ज्यांचं बालपण मुलगा म्हणून गेलं त्यांना ते कसं लागू होईल? मुद्दा वजनदार आहे. माझं उत्तर असं की मुलगा म्हणून वाढवलेल्या, पण बायकी चालीवरून शाळेत मार खाल्लेल्या पोराचं बालपण पुरुषाच्या सवलतीत गेलं असं मला म्हणवत नाही. ती म्हणते, सोसणं वेगळं आणि स्त्री असणं वेगळं. आमचं इथे जुळत नाही. पण छाननीच्या दिवशी तहसीलमध्ये एखाद्या तृतीयपंथी अर्जदाराची कुचेष्टा झाली तर गप्प बसायचं नाही, यावर आमचं एकमत आहे, आणि गेल्या निवडणुकीत त्या टेबलाशी तीही माझ्याबरोबर उभी होती.

तेव्हा पुढच्या वेळी हे भर वर्गात विचारा. बाकीच्या बायकांनाही उत्तर ऐकू द्या आणि त्यांना उलट बोलूही द्या. फक्त त्याआधी आपापल्या सरपंचबाईचा शिक्का कुणाच्या खिशात आहे ते बघून या. त्या तासाला आपण दोन्हीवर बोलू.