काहोकिया: चौथीच्या वर्गासोबत मातीच्या टेकाडावर

"आई, हे तर नुसतं गवत आहे!" बसमधून उतरल्या उतरल्या लेकाने मराठीत सुनावलं, म्हणजे बाईंना कळायला नको.

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. पुण्याकडच्या माणसाला ऐतिहासिक स्थळ म्हटलं की बुरूज, दरवाजा, पाण्याचं टाकं असं काहीतरी लागतं. सेंट लुईसहून मिसिसिपी ओलांडून इलिनॉयमध्ये कॉलिन्सव्हिलजवळ यावं, तर समोर हिरवी टेकाडं. काहोकिया माउंड्स हे इलिनॉय राज्याचं ऐतिहासिक स्थळ आहे आणि 1982 पासून युनेस्कोच्या यादीतही आहे. साधारण 1050 ते 1200 या काळात इथे मूळ अमेरिकन लोकांचं शहर होतं, आणि मेक्सिकोच्या उत्तरेला एवढं मोठं दुसरं नव्हतं. वस्ती 10 ते 20 हजारांची असावी, असा अभ्यासकांचा अंदाज.

वर्गाच्या बाईंनी मात्र तयारी चोख केली होती. आदल्या आठवड्यात मुलांना शाळेच्या मैदानावर बादलीभर माती या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहायला लावली. दोन खेपांत सगळे गार. त्यामुळे मंक्स माउंडच्या पायथ्याशी त्यांनी सांगितलं, की ही 100 फूट उंचीची, पायथ्याला 14 एकर पसरलेली टेकडी माणसांनी टोपल्यांनी माती वाहून रचली, चाकाची गाडी नाही की ओझ्याचं जनावर नाही, तेव्हा मुलं एकदम गप्प झाली. ही एक गोष्ट वर्गात करून न्याच. तिच्याशिवाय इथे खरंच नुसतं गवत दिसतं.

वर जायला दीडशेहून जास्त पायऱ्या. सिंहगड चढलेल्यांना काहीच नाही, पण वर सावलीचा पत्ता नाही. मी ऐटीत टोपी बसमध्येच ठेवून आले आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसले. वरून सेंट लुईसची कमान दिसते. तिकडेही अशीच टेकाडं होती, म्हणून त्या शहराला 'माउंड सिटी' म्हणत. शहर वाढलं तशी ती सपाट केली. तिथलं मोठं टेकाड 1869 मध्ये गेलं.

'मंक्स' हे नावही मागाहूनचं. 1800 नंतर ट्रॅपिस्ट पंथाचे काही ख्रिस्ती साधू (इंग्रजीत 'मंक') जवळच्या टेकाडावर राहायला आले, त्यांच्यावरून ते पडलं. 'काहोकिया'सुद्धा नंतर या भागात राहणाऱ्या जमातीचं नाव. "मग ते लोक स्वतः या गावाला काय म्हणायचे?" एका मुलीने विचारलं. त्यांनी लिहिलेलं काहीच मागे नाही, त्यामुळे ते कोणालाच ठाऊक नाही. दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच.

मोठ्या टेकाडासमोरच्या मोकळ्या चौकात मुलं चंकी हा त्या लोकांचा खेळ खेळली. एकाने दगडी चकती घरंगळत सोडायची आणि ती जिथे थांबेल असं वाटतं तिथे काठ्या फेकायच्या. आमच्याकडे चकती लाकडी होती, भांडणं मात्र अस्सल. याला अर्धा तास लागेल असं धरा, आवरतं घेता येत नाही.

माउंड 72 या टेकाडापाशी मी जरा अडखळले. तिथे शंखशिंपल्यांच्या 20 हजार मण्यांवर ठेवून पुरलेला माणूस सापडला, आणि बळी दिलेल्या पन्नासहून अधिक तरुण स्त्रियाही. बाईंनी मणी सांगितले, बाकीचं ओझरतं. मला ते पटलं. सहावी-सातवीला मात्र लपवू नये.

पश्चिमेला अर्ध्या मैलावर लाकडी खांबांचं पुन्हा उभारलेलं वर्तुळ आहे, वुडहेंज. 1961 मध्ये खड्ड्यांच्या खुणांवरून मूळ वर्तुळ ओळखलं गेलं. सूर्य कुठल्या खांबावर उगवतो त्यावरून ऋतू कळायचा. दुपारच्या उन्हात मुलांना यात काही राम वाटला नाही. वेळ कमी असेल तर हे खुशाल सोडा.

आता सोबत जाणाऱ्या पालकांसाठी. मोठं टेकाड आणि चौक यांच्या मधून कॉलिन्सव्हिल रोड जातो आणि गाड्या वेगात असतात. जोड्या लावून, पुढे-मागे मोठं माणूस ठेवूनच ओलांडा. माहिती केंद्राची इमारत 2022 मध्ये नूतनीकरणासाठी बंद झाली होती आणि आम्हालाही ती बंदच मिळाली, म्हणून शाळेने निघण्याआधी फोन करून विचारावं. आवार बघायला तिकीट नाही. टेकाडाच्या उतारावरून घसरगुंडी करायला प्रत्येक मुलाला सुचतं. मातीची धूप होते, तेव्हा पायऱ्या सोडू देऊ नका. डबा चढण्याआधी खायला घालू नका, उतरल्यावर घाला. आमच्या गटातल्या एकाने पोळीचा रोल वरच ओकला. तो माझाच होता, मुलगाही आणि रोलही.

पुढच्या वर्षी धाकटीचा वर्ग जातोय. मी नाव दिलंय.