खुर्चीवर कोण आणि किती दिवस

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात झाली आणि त्यातली बरीच वर्षं तहसीलच्या निवडणूक शाखेत गेली. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ते वातावरण वेगळं सांगायला नको. काचेची बरणी, एकाच मापाच्या आणि एकाच घडीच्या चिठ्ठ्या, आणि त्या काढायला शाळेतलं एखादं पोर. प्रत्येक चिठ्ठी आत टाकण्याआधी उघडून सगळ्यांना दाखवायची. समोर गावोगावची माणसं आपल्या हातांकडे टक लावून बघत असतात. सोडतीत निकालाइतकंच महत्त्व असतं ते हातचलाखीला कुठे फट राहू नये याला.

निवृत्तीनंतर मी ग्रीकांचा राजकीय विचार इंग्रजी भाषांतरांतून वाचायला घेतला. गाठ पडली ती थेट या बरणीच्या पूर्वजाशी.

'अथेन्सची राज्यघटना' हा ग्रंथ ॲरिस्टॉटलच्या किंवा त्याच्या एखाद्या शिष्याच्या हातचा. तो शेकडो वर्षं हरवलेला होता. इजिप्तमधल्या पपायरसवर सापडला आणि १८९१ साली ब्रिटिश म्युझियमने छापला. ज्या गुंडाळ्यांवर तो उतरवून घेतलेला आहे, त्यांच्या दुसऱ्या बाजूला पहिल्या शतकातल्या एका शेतमळ्याचा जमाखर्च आहे! कोऱ्या पाठीचा कागद वाया घालवायचा नाही, हा कारकुनी शहाणपणा दोन हजार वर्षं जुना आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

या ग्रंथाच्या शेवटी अथेन्सच्या न्यायसभांसाठी रोज पंच कसे निवडत याचं बारकाईने केलेलं वर्णन आहे. सोडतीचं यंत्र दगडी. उभ्या शिळेत खाचांच्या रांगाच रांगा आणि कडेने एक नळी. अथेन्सला अगोराच्या, म्हणजे जुन्या बाजारचौकाच्या, संग्रहालयात त्याचा तुटका तुकडा ठेवला आहे. युरोपच्या सहलीत आमचा बाकीचा गट खरेदीला गेला तेव्हा मी त्या शिळेसमोर उभी होते. खाचा अरुंद आहेत, पातळ पट्टी जेमतेम सरकेल एवढ्याच. प्रत्येक नागरिकाकडे स्वतःच्या नावाची पट्टी असे. ती आधी काशाची असायची, ॲरिस्टॉटलच्या काळात लाकडाची झाली. प्रत्येक पट्टीवर दहापैकी एका गटाचं अक्षर. सकाळी ज्याने त्याने आपापल्या अक्षराच्या पेटीत पट्टी टाकायची. पेटी हलवून पहिली पट्टी ज्याची निघेल, त्याने बाकीच्यांच्या पट्ट्या खाचांत बसवायच्या. मग नळीत काळे-पांढरे ठोकळे ओतायचे आणि एकेक खाली सोडायचा. पांढरा आला की त्या आडव्या ओळीतले पाचही जण पंच. काळा आला की पाचही जण घरी.

पट्ट्या बसवणारासुद्धा सोडतीनेच का निवडायचा, याचं कारण ग्रंथात दिलं आहे: कायम एकच माणूस बसवायला असला, तर तो लबाडी करेल. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे तर आणखी खबरदारी. निवडलेल्या पंचाने एक ओकफळ उचलायचं, त्यावरच्या अक्षरावरून त्याची न्यायकचेरी ठरायची आणि त्या कचेरीच्या दाराला जो रंग, त्याच रंगाची काठी त्याच्या हातात द्यायची. म्हणजे चुकून किंवा मुद्दाम दुसऱ्या दाराने आत शिरायची सोय नाही. कोणता खटला कोणापुढे येणार हे सकाळपर्यंत कोणालाच माहीत नसेल, तर लाच द्यायची कोणाला?

केवळ न्यायसभाच नव्हे, पाचशे जणांचं मंडळही सोडतीनेच भरायचं. इ.स.पू. ५०८च्या सुमारास क्लेइस्थेनिसने दहा नवे विभाग पाडले, प्रत्येकातून पन्नास जण. वय तिशीच्या पुढे, मुदत एक वर्ष, आयुष्यात जास्तीत जास्त दोन वेळा. त्यातल्याच एकाकडे रोज चिठ्ठीने अध्यक्षपद. एक रात्र आणि एक दिवस देवळांतल्या खजिन्याच्या नि दप्तराच्या किल्ल्या आणि शहराची मोहोर त्याच्या ताब्यात. दुसऱ्या दिवशी दुसरा. पद सोडताना प्रत्येक अधिकाऱ्याने हिशेब द्यायचा, आणि तो तपासणारेही सोडतीनेच नेमलेले.

सेनापती मात्र मतांनी निवडत आणि त्यांना पुन्हा पुन्हा निवडून यायची मुभा होती. पेरिक्लिस असाच वर्षानुवर्षं निवडून आला. म्हणजे जिथे कसब लागतं तिथे निवडणूक, आणि जिथे सामान्य समज पुरते पण सत्ता मुरण्याचा धोका असतो तिथे सोडत. 'पॉलिटिक्स'च्या चौथ्या भागात ॲरिस्टॉटल सरळ सांगतो, की पदं चिठ्ठीने भरणं ही लोकशाहीची रीत मानतात आणि मतांनी भरणं ही अल्पजनसत्तेची. आजच्या कानांना हे उलटं वाटतं. पण निवडून येतं कोण? नाव असलेला, पैसा असलेला, बोलका. अठरा विधानसभा-लोकसभांची कामं हातांखालून गेल्यावर मला त्याचं म्हणणं उलटं वाटत नाही.

याला जोरदार विरोध होता तो सॉक्रेटिसचा. जहाजाचा तांडेल कोणी चिठ्ठी टाकून निवडतं का, असा त्याचा सवाल झेनोफोनने नोंदवला आहे. प्लेटोने पुढे तेच जहाज घेऊन लोकशाहीवर कोरडे ओढले. मुद्दा हलका नाही. तरी याच चिठ्ठीने सॉक्रेटिस स्वतः त्या पाचशे जणांत बसला होता. इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिनुसीच्या लढाईनंतर सेनापतींवर एकगठ्ठा खटला चालवायचा बेकायदा प्रस्ताव आला आणि सभा खवळलेली असताना तो एकटा आडवा राहिला. सेनापती काही वाचले नाहीत. पण नियमाबाहेरचं काम माझ्या हातून होणार नाही, असं म्हणणारा एक माणूस त्या खुर्चीत होता, तो चिठ्ठीमुळे होता. मतं मागून तो कधी निवडून आला असता, असं मला वाटत नाही.

'नागरिक कोण' याला ॲरिस्टॉटलने दिलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे: जो न्यायदानात आणि अधिकारपदांत वाटेकरी असतो तो. नुसता गावात राहणारा नव्हे. आळीपाळीने राज्य करायचं आणि करून घ्यायचं, दोन्ही यायला हवं. हे लिहिणारा माणूस स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. तो उत्तरेकडच्या स्तागिराचा, अथेन्समध्ये उपरा. त्या दगडी खाचेत त्याची पट्टी कधीच बसली नसती. बायकांची बसत नव्हती, गुलामांचा तर प्रश्नच नव्हता. सोडत कितीही चोख असली तरी खरी सत्ता असते ती आत कोणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे ठरवणाराकडे. आमच्याकडे बरणी फिरवण्याआधी सगळं भांडण प्रवर्ग आणि चक्रानुक्रम यांवरच व्हायचं, आणि ते योग्यच होतं.

यानंतर सोडत मला भेटली ती थेट इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये. मधल्या काळात 'पॉलिटिक्स' पश्चिम युरोपात पोचलं ते १२६०च्या सुमारास झालेल्या विल्यम ऑफ मूरबेकाच्या लॅटिन भाषांतरातून. १४३०च्या दशकात लेओनार्दो ब्रूनीने ते नव्याने, वाचनीय लॅटिनमध्ये आणलं. हा ब्रूनी फ्लॉरेन्सचा चान्सलर, म्हणजे शहराच्या पत्रव्यवहाराचा प्रमुख. दिवसा सरकारी खलिते आणि फावल्या वेळात ॲरिस्टॉटल.

त्याच्या शहरात १३२८ पासून पदं भरली जात ती पिशव्यांतून. छाननी मंडळ प्रत्येक नावावर गुप्त मत घेई, पास झालेली नावं चिठ्ठ्यांवर लिहून चामडी पिशव्यांत जात आणि दर दोन महिन्यांनी त्यांतून सिन्योरियाचे, म्हणजे शहराच्या कारभारी मंडळाचे, नऊ जण निघत. कार्यकाळ फक्त दोन महिने, आणि तेवढे दिवस मुक्काम राजवाड्यात. नाव निघालं तरी कर थकलेला असला, किंवा घरातलं कोणी नुकतंच पदावर असलं, तर चिठ्ठी बाजूला. आपल्याकडे घरपट्टी थकवून ग्रामपंचायतीचं सदस्यत्व घालवणाऱ्यांची प्रकरणं माझ्या टेबलावरून गेली आहेत, म्हणून हा नियम फार ओळखीचा वाटला.

पिशवीत जाण्यासाठी एखाद्या व्यवसायसंघाचं सभासद असावं लागे. लोकर पिंजणाऱ्या मजुरांना संघच करू देत नव्हते, म्हणजे त्यांची नावं पिशवीपर्यंत जायचीच नाहीत. १३७८च्या जुलैत त्यांनी राजवाडा ताब्यात घेतला आणि मिकेले दि लांदो नावाचा पिंजारी शहराचा प्रमुख झाला. काही आठवड्यांतच पिंजाऱ्यांचा संघ मोडला आणि १३८२ पर्यंत होतं ते सगळं पूर्ववत झालं. १४३४ नंतर मेदिची घराण्याने केलं ते याहून हुशारीचं. सोडत बंद करायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. पिशव्या भरणाऱ्या अधिकाऱ्यांवर आपली माणसं बसवली आणि पिशवीत मोजकी, विश्वासातली नावं राहतील एवढं बघितलं. चिठ्ठी निघत राहिली, नियम पाळले जात राहिले, आणि प्रजासत्ताक एका घराण्याच्या खिशात गेलं.

माझी भाची स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. तिच्या नोट्समध्ये मॅकियाव्हेलीपुढे एकच ओळ आहे: 'साध्य साधनांचे समर्थन करते.' ती म्हणाली, "मावशी, एवढंच विचारतात." त्याच्या 'प्रिन्स' या पुस्तकात हे वाक्य या शब्दांत नाहीच. शिवाय हा माणूस मेदिचींना हाकलल्यानंतरच्या फ्लॉरेन्सच्या प्रजासत्ताकाचा चौदा वर्षं सचिव होता. १४९८ ला नोकरीत लागला, १५१२ ला मेदिची परत आले आणि याला काढलं. १५१३ च्या सुरुवातीला कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकलं, हात मागे बांधून दोराने वर टांगलं. सुटल्यावर तो गावच्या घरी गेला आणि लिहायला बसला.

लिव्हीच्या रोमन इतिहासावर त्याने जी 'प्रवचनं' लिहिली, त्यांत तो म्हणतो, की सरदार आणि सामान्य जन यांच्या भांडणांमुळे रोम बिघडलं असं सगळे सांगतात, पण रोमचं स्वातंत्र्य त्याच भांडणांतून आलं. स्वातंत्र्याची राखण सामान्यांकडे द्यावी, कारण थोरांना सत्ता गाजवायची असते आणि सामान्यांना फक्त आपल्यावर ती कोणी गाजवू नये एवढंच हवं असतं. पुढे तर जनसमूह राजापेक्षा शहाणा आणि स्थिर असतो, असंही त्याने लिहिलं आहे. प्लेटोच्या जहाजाला इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

१५२०च्या सुमारास मेदिचींनीच त्याला शहराच्या घटनेबद्दल सल्ला विचारला. ज्यांच्या राजवटीत दोरावर टांगला गेला, त्यांना त्याने लिहून दिलं, की सामान्यांचं मोठं मंडळ पुन्हा उघडा, नाहीतर हे शहर शांत बसणार नाही. त्यातच एक छोटी तरतूद आहे. लोकांच्या तुकड्यांच्या नायकांमधून काही जण सोडतीने निवडावेत आणि त्यांनी पाळीपाळीने सिन्योरियाच्या बैठकीत बसावं. त्यांना मत नाही. पण एखादा निर्णय पटला नाही, तर तो अडवून मोठ्या सभेपुढे न्यायचा अधिकार त्यांना असावा. सोडतीने आलेला माणूस इथे राज्यकर्ता नाही, साक्षीदार आहे. पिशव्यांचं काय झालं हे माहीत असलेल्या माणसानेच हे सुचवावं, यात मला त्याची सगळी सरकारी नोकरी दिसते.

सल्ला कोणी मानला नाही. १५२७ ला तो वारला आणि १५३२ ला सिन्योरियाच रद्द होऊन शहराला ड्यूक मिळाला. 'प्रिन्स' छापून आलं ते त्याच वर्षी, 'प्रवचनं' त्याच्या आदल्या वर्षी.

भाचीला मी 'प्रवचनां'च्या पहिल्या भागातली चौथं, पाचवं आणि अठ्ठावन्नावं ही तीन प्रकरणं आधी वाचायला सांगितली आहेत. परीक्षेला ती येणार नाहीत, तरी. ती संपली की 'पॉलिटिक्स'चा तिसरा भाग.